भिंतीवरच्या दोन थ्री-नॉट-थ्री : कामाच्या नोंदी

४ फेब्रुवारी २०२४

आज मराठा लाइट इन्फंट्रीचा दिवस. १६७० साली याच तारखेला सिंहगड घेतला म्हणून रेजिमेंट हा दिवस पाळते. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावात घरटी एक तरी फौजी, त्यामुळे आमच्याकडेही माजी सैनिक भवनात कार्यक्रम असतो. भवनाच्या समोरच्या भिंतीवर नाईक यशवंत घाडगे आणि शिपाई नामदेव जाधव या दोन व्हिक्टोरिया क्रॉसवाल्यांच्या तसबिरी आहेत. दोन्हींच्या मधे दोन जुन्या .३०३ रायफली तिरक्या टांगलेल्या. हार घालायला म्हणून त्या खाली काढल्या, तर एकीच्या लाकडातून बारीक माती सांडली. वाळवी. दुसरीच्या नळीवर गंजाचे फोड.

"तू लाकडातला माणूस, बघ की जरा," असं सुभेदार आबा म्हणाले आणि काम माझ्याकडे आलं. मी बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीसाठी ३१ वर्षं पॅटर्न, म्हणजे ओतकामाचे लाकडी नमुने, बनवले. लाकूड कळतं. रायफलीतलं काही कळत नव्हतं, आणि पुढचे बरेच घोळ त्यातूनच झाले. सीमाभागात बऱ्याच भवनांत आणि शाळांत अशा रायफली भिंतीवर आहेत. त्यांना हात लावणाऱ्याच्या उपयोगी पडावं म्हणून हे लिहून ठेवतोय.

दोन्ही रायफली डीपी, म्हणजे ड्रिल पर्पज. कवायतीसाठी निकामी केलेल्या. नळीच्या मुळाशी आरपार भोक आहे आणि बोल्टचं, म्हणजे गोळी नळीत ढकलणाऱ्या सरकत्या भागाचं, टोक कापलेलं आहे. गोळी यातून कधीच सुटणार नाही, आणि सुटावी असं काही करायचंही नाही. लाकूड आणि लोखंड टिकवायचं, एवढंच काम.

६ ते १६ फेब्रुवारी

लाकडाच्या आधी कागद. भवनाच्या कपाटात एक फाइल सापडली, तिच्यात रायफली ताब्यात दिल्याची पावती. पावतीवर दोन नंबर. त्यातला एक रायफलीवरच्या नंबरशी जुळेना. मी तीन रात्री भिंग घेऊन बसलो. शेवटी कळलं की पावती लिहिणाऱ्याने बॉडीवरचा (नळीमागच्या लोखंडी सांगाड्यावरचा) नंबर न लिहिता बोल्टच्या दांड्यामागचा लिहिलाय, आणि त्या रायफलीचा बोल्ट मुळात दुसऱ्याच रायफलीचा आहे. या रायफलींवर नंबर एका ठिकाणी नसतो. बॉडी, नळी, बोल्ट, नोज-कॅप (नळीच्या तोंडाशी लाकडावर बसणारी लोखंडी टोपी), मागची साइट (नेम धरायची पट्टी), कधी लाकडाच्या पोटातही असतो. सगळे जुळले तर रायफल कारखान्यातून निघाली तशीच आहे. जुळले नाहीत तर मधे कुठल्या तरी वर्कशॉपमध्ये तिची अदलाबदल झालीय. दोन्ही गोष्टी खऱ्याच, फक्त लिहून ठेवायच्या.

मग ठाण्यात. रायफली उघडणार, घरी नेणार, तर पोलिसांना लेखी कळवलेलं बरं, हा आबांचा आग्रह. अर्ज मराठीत नेला होता, तो कन्नडमध्ये आणायला सांगितलं. कोर्टाबाहेरच्या टायपिस्टाकडून करून घेतला, १५० रुपये. नंबरचा घोळ समजावताना दोन फेऱ्या झाल्या, अर्ज पुन्हा टाइप, आणखी १५०. शिक्का मारलेली पोच हातात पडायला अकरा दिवस गेले. ते गेले याचं वाईट वाटत नाही. पुढे मार्चमध्ये त्या एका कागदाने वाचवलं.

कायद्याचं जे मला नीट समजलंय तेवढं सांगतो. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ४५ मध्ये जुनाट, पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या किंवा मोडक्या हत्यारांना सूट आहे, पण दुरुस्त करूनही ते बंदूक म्हणून चालणार नसेल तरच. चालू .३०३ ही आपल्याकडे प्रोहिबिटेड बोअर, म्हणजे बंदी असलेल्या मापाची. विनापरवाना सापडली तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान ७ वर्षांची शिक्षा आहे. माझ्या कामाचं ऐकून एकाचा फोन आला, "एक जुनी आहे, बोल्टसकट, देऊन टाकतो." मी तिथेच फोन ठेवला. भंगारात नळी, बोल्ट, बॉडी दिसली तर उचलू नका. सुटे भागही शस्त्रातच मोडतात.

१८ फेब्रुवारी

ओळख पटवण्याचा दिवस. बटाच्या, म्हणजे खांद्याला लावायच्या लाकडी दस्त्याच्या, पुढे, मनगट येतं तिथे लोखंडी कॉलर आहे. सगळं तिच्यावर कोरलेलं असतं. पण दोन्हींवर काळ्या रंगाचे जाड थर. दोन बोटं रुंदीचा रंग टर्पेंटाइन आणि लाकडी चिपाटीने हळूहळू मऊ करत काढला. पहिलीवर मुकुट, जी.आर., एनफिल्ड, १९१७. दुसरीवर मुकुट, जी.आर.आय., ईशापूर, १९४३.

म्हणजे एक पहिल्या महायुद्धात इंग्लंडमध्ये बनलेली, दुसरी दुसऱ्या महायुद्धात बंगालमध्ये. दोन्ही नंबर वन मार्क थ्री स्टार या मॉडेलच्या. मार्क थ्री १९०७ ची. लढाई सुरू झाल्यावर लवकर आणि जास्त बनवता याव्यात म्हणून तिच्यातले काही भाग काढून टाकले, ती स्टारवाली. त्यामुळे आपल्या दोन्हींवर मॅगझिन कट-ऑफची (मॅगझिनमधल्या गोळ्या अडवून ठेवणारी) पट्टी नाही आणि बाजूची व्हॉली साइटही (लांबच्या माऱ्यासाठीची) नाही. मी आधी हे भाग 'हरवलेत' असं वहीत लिहून ठेवलं होतं. ते खोडलं.

लांबी १.१३ मीटर, वजन चार किलोला थोडं कमी. ईशापूरवालीच्या पुढच्या लाकडात मॅगझिनच्या जरा पुढे एक आडवा स्क्रू आरपार गेलाय. मला वाटलं कुणी गावठी दुरुस्ती केलीय. तसं नाही. लाकूड फाटू नये म्हणून भारतात घातलेला तो स्क्रू आहे, जगभरचे संग्राहक त्याला ईशापूर स्क्रू म्हणतात. एनफिल्डच्या बटावर वरच्या बाजूला 'एस' असा ठसा. बट तीन-चार लांबींत यायचे, आखूड हाताच्या जवानाला शॉर्ट. १९१७ ची ही रायफल कुणा बुटक्या शिपायाच्या खांद्याला लागून गेलीय, हे त्या एका अक्षरावरून कळतं. मी बराच वेळ त्यावर बोट ठेवून बसलो होतो.

२५ फेब्रुवारी

आज मोठं नुकसान केलं.

बटावरच्या पितळी प्लेटमध्ये एक छोटं दार असतं. ते उघडलं की आत तेलाची बाटली आणि पुल-थ्रूची, म्हणजे नळी पुसायची, दोरी ठेवायची जागा. एनफिल्डमध्ये पितळेची बाटली निघाली, अडकलेली. दोन दिवस डिझेल सोडत राहिलो तेव्हा सुटली. दोरी कुजलेली, तिच्या फासात चिंधीचा राखाडी तुकडा तसाच. त्याच्या मागे चामड्याची चकती आणि तिच्या तळाला एक लांब बोल्टचं डोकं. हा साधा आट्यांचा बोल्ट, गोळी ढकलणारा नव्हे; तो बटाला बॉडीशी बांधतो. मला वाटलं, सुरुवात इथून. लांब स्क्रू ड्रायव्हर घातला, जोर लावला, पाऊण फेरा फिरला आणि पुढून कट् असा आवाज आला.

पुढच्या लाकडाचं मागचं टोक उभं चिरलं होतं. साडेतीन इंच.

२ मार्च

रेजिमेंटल सेंटरमधून निवृत्त झालेले एक आर्मरर (शस्त्रं दुरुस्त करणारे) हवालदार बेळगावच्या कॅम्पात राहतात. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणतो. मिलिटरी महादेवाच्या देवळापाशी भेटलो, पिशवीतून लाकूड काढून दाखवलं. चीर बघताच म्हणाले, "बट आधी फिरवलास न्हवं?"

त्या लांब बोल्टचं पुढचं टोक चौकोनी असतं आणि बटाच्या कॉलरमधून पुढे येऊन ते पुढच्या लाकडातल्या एका लोखंडी पट्टीच्या खाचेत बसतं. बोल्ट आपोआप सैल होऊ नये म्हणून केलेली सोय. पण पुढचं लाकूड जागेवर असताना बोल्ट फिरवला तर चौकोन पट्टीला पिळतो आणि पट्टी लाकडाला फाडते. या रायफली उघडणाऱ्यांची सगळ्यात जुनी चूक हीच आहे, मामांनी रिक्रूट आर्मररांच्या हातून कितीतरी वेळा झालेली पाहिलीय.

क्रम असा: आधी नोज-कॅप, मग मधला बँड (लाकूड आवळणारं कडं), वरचे हँडगार्ड (नळीवरची लाकडं), मॅगझिन, आतल्या बँडचा स्प्रिंगवाला स्क्रू, ट्रिगर गार्डचे दोन स्क्रू. मग पुढचं लाकूड सरळ खाली उतरवायचं, ओढायचं किंवा वाकवायचं नाही. बट सगळ्यात शेवटी. जोडताना उलट, म्हणजे बट सगळ्यात आधी, आणि बोल्टचा चौकोन सरळ उभा आहे याची खात्री करून.

मामांनी आणखी एक सांगितलं. बाजारातला स्क्रू ड्रायव्हर टोकाला पाचरीसारखा असतो, तो खाचेतून वर सरकतो आणि स्क्रूचं डोकं खातो. परत येताना उद्यमबागेत उतरलो, जुन्या मित्राच्या ग्राइंडरवर तीन स्क्रू ड्रायव्हरची पाती प्रत्येक खाचेच्या मापाने सपाट घासून घेतली. त्यानंतर एकही स्क्रू खराब झाला नाही.

९ मार्च

चीर फेविकॉलने चिकटवली होती, सायकलच्या ट्यूबचे पट्टे आवळून दोन दिवस ठेवली होती. आज पट्टे सोडले आणि अंगठ्याने हलकं दाबलं तर उघडली. गोंद लाकडाला धरलाच नव्हता, पापुद्र्यासारखा निघून आला. शंभर वर्षं हे लाकूड तेल पीत आलंय. कापलेला भाग हाताला सुकट लागतो, पण आत तेलच तेल. पॅटर्नच्या कोऱ्या सागवानाची सवय इथे चालत नाही.

१८ मार्च

१६ तारखेला लोकसभेची आचारसंहिता लागली. परवानावाल्यांच्या बंदुका दर निवडणुकीला ठाण्यात जमा होतात. भवनाच्या रायफलींना परवानाच नाही, तरी "जमा करा" असा निरोप आला. फेब्रुवारीतली पोच दाखवली. तिच्यावर दोन्हींचे सगळे नंबर होते म्हणून वाद झाला नाही. रायफली सुट्या केलेल्या होत्या, त्यामुळे फक्त लोखंड घेतलं आणि तशी पावती दिली. लाकूड माझ्याकडे राहिलं.

इथे माझी दुसरी चूक. जुनं चिकट ग्रीस मी आठवड्यापूर्वी रॉकेलने धुऊन काढलं होतं आणि घाईत नवं तेल न लावताच लोखंड गोणपाटात बांधून दिलं. त्याचं फळ जूनमध्ये दिसलं.

३१ मार्च

चीर, दुसरा प्रयत्न. अ‍ॅसिटोन ब्रशने चिरेत सोडायचं आणि वर खडूची पूड दाबून ठेवायची. पूड तेल ओढून पिवळी होते, झाडून टाकायची, पुन्हा तेच. पहिल्या दिवशी पूड मोहरीच्या रंगाची झाली. सहाव्या दिवशी पांढरीच राहिली, तेव्हा थांबलो. मग अ‍ॅराल्डाइट, हेअर ड्रायरने थोडं पातळ करून, चीर चाकूच्या पात्याने जेमतेम फाकवून खोलपर्यंत. ट्यूबचे पट्टे आणि चार दिवस विश्रांती. नंतर आडव्या दोन पितळी पिना, दोन मिलिमीटरच्या, बाहेरून दिसणार नाहीत अशा आतल्या बाजूने.

टोकाचा एक कपचा हरवलाच होता. एनफिल्डचं लाकूड अक्रोडाचं. बेळगावात अक्रोड शोधायला आठवडा घातला, मिळालं नाही. मिळालं ते आबांच्या घरी. काश्मीरमध्ये पोस्टिंगला असताना त्यांनी कोरीव अक्रोडाचं तिपाई आणलं होतं, त्याचा एक पाय मोडून माळ्यावर पडला होता. फौजींच्या घरात अशी एक तरी काश्मिरी वस्तू असतेच, लाकूडकामाला निघालात तर आधी तिथे विचारा. त्यातून अर्धा इंच तुकडा पटाशीने बसवला. रेषा जुळवायला दिवस गेला, पण आता बोट फिरवलं तर सांधा लागत नाही. डोळ्याला मात्र दिसतो, आणि तो दिसू द्यायचा असं मी ठरवलं. दुरुस्ती झालीय हे पुढच्याला कळायला हवं.

१४ एप्रिल

आजचं लिहायला जड जातंय.

एनफिल्डच्या बटाला उजवीकडे खोल पोचे होते. लाकडातले पोचे उठवायची माझ्या धंद्यातली रीत: ओलं फडकं ठेवून वरून गरम इस्त्री, वाफेने दबलेले तंतू फुगून वर येतात. दोन पोचे सुरेख उठले. तिसऱ्याच्या शेजारी गोल ठसा होता आणि त्याखाली रॅक नंबर (शस्त्रं ठेवायच्या रॅकमधला क्रमांक), आकडे ठोकून उमटवलेले. ठसा म्हणजेही दबलेलं लाकूडच. वाफेला पोचा आणि ठसा यातला फरक कळत नाही. फडकं उचललं तेव्हा पोच्यासोबत नंबरही वर आला होता. चार आकड्यांपैकी पहिला अजून वाचता येतो, दुसरा अंदाजाने. उरलेले गेले.

फोटो काढून ठेवला नव्हता. बॉडीच्या नंबरांचे सतरा फोटो काढले आणि बटाचा एकही नाही.

पोचे तसेच ठेवले असते तर काय बिघडलं असतं, याला माझ्याकडे उत्तर नाही. मामांना फोनवर सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "आता तरी हात आवर. ती नवी दिसाय नको." त्या दिवसापासून इस्त्री बंद, पॉलिश पेपर बंद. ईशापूरवालीच्या लाकडाला एकही ओरखडा काढायचा नाही असं वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं. कुठल्याही भागाला हात लावण्याआधी चारी बाजूंनी फोटो, पट्टी शेजारी ठेवून. हे काम करणाऱ्याने माझ्या नोंदींतलं बाकी काही नाही घेतलं तरी एवढं घ्यावं.

२१ एप्रिल

लाकूड साफ करायला फक्त टर्पेंटाइन आणि सुती फडकं. काळपट मेण-तेल-धुळीचा थर हळूहळू उतरतो, खालचा तपकिरी रंग दिसू लागला की थांबायचं. नंतर अळशीचं तेल. घाण्यावरचं कच्चं आणलं, अर्धा लिटर २२० रुपये. फौजेतही हेच तेल लावायचे. थेंब तळहातावर घ्यायचा आणि लाकूड गरम लागेपर्यंत चोळायचा. जास्त ओतलं तर वर चिकट साय धरते.

दुपारी पडवीत जळकट वास आला. तेलाने भिजलेल्या चिंध्या मी गोळा करून प्लॅस्टिकच्या बादलीत कोंबल्या होत्या. हात घातला तर गोळ्याच्या आत चटका बसावा इतकी उष्णता. अळशीचं तेल सुकताना उष्णता सोडतं, चिंध्या गठ्ठ्यात असल्या की ती बाहेर पडत नाही आणि गठ्ठा आपोआप पेट घेतो. शेजारी गवताची गंजी होती. चिंध्या तारेवर एकेक पसरून वाळवायच्या, नाहीतर पाण्यात बुडवून ठेवायच्या. आता अंगणात पाण्याचा डबा कायम आहे.

५ मे

ईशापूरवालीची वाळवी. पुढच्या लाकडाच्या पोटात, नळी बसते त्या खोबणीत, मातीची वाट सात इंच गेलेली. बाहेरून काही दिसत नाही, टिचकी मारली की पोकळ आवाज. माती ब्रशने काढली, वाळवीचं औषध इंजेक्शनच्या सुईने सोडलं (३५० रुपयांची बाटली), पंधरा दिवस पॉलिथिनमध्ये बांधून ठेवलं. लाकूड बदलायचा मोह झाला होता, सागवानात नवं करायला मला चार दिवस लागले असते. केलं नाही. पोकळीत पातळ अ‍ॅराल्डाइट तीन वेळा सोडलं, आतून धरलं आणि बाहेरचं मूळ लाकूड तसंच राहिलं.

१२ जून

निकाल ४ तारखेला लागला, आचारसंहिता उठली, आज लोखंड परत मिळालं. गोणपाट उघडलं तर नळीवर, बँडवर, बोल्टच्या दांड्यावर तांबडा गंज. कोरडं लोखंड ओलसर गोणपाटात पावणेतीन महिने. ज्यांनी ठेवलं त्यांचा दोष नाही, तेल माझ्याकडून राहिलं होतं.

घाईत भांडी घासायची तारेची घासणी वापरली आणि एका बँडवरच्या काळ्या रंगावर ओरखडे उमटले. थांबलो, सर्वांत बारीक स्टील वूल मागवलं, ६५० रुपये, यायला नऊ दिवस. तेलात भिजवून अगदी हलक्या हाताने. फोडांवर पितळी पट्टीची धार; पितळ लोखंडापेक्षा मऊ, गंज निघतो, खालचं लोखंड ओरबाडत नाही. काळा रंग पूर्ण उतरवून चकचकीत करा असं भवनातल्या काही तरुणांचं म्हणणं होतं. मामांनी स्पष्ट नकार दिला. तो रंग फौजेनेच दिलाय, तोही तिच्या नोकरीचा भाग आहे. निकामी करताना पाडलेलं भोकही कुणी बुजवा म्हणालं. त्याला मी हात लावणार नाही. रायफल कायद्याने भिंतीवर राहू शकते ती त्या भोकामुळेच.

जुलै

काम बंद. खानापुराकडच्या पावसात तेल सुकत नाही. एक हात लावला तर आठ दिवसांनीही बोटाला चिकटायचा आणि वर पांढरी बुरशी धरायची. बुरशी टर्पेंटाइनने पुसली, लाकूड चुलीच्या खोलीत वरच्या फळीवर ठेवलं, चुलीपासून लांब. ज्यांना हे करायचंय त्यांनी तेल शिमग्यानंतर सुरू करून मिरगाच्या आत संपवावं.

१७ ऑगस्ट

जोडणी. बट, मग पुढचं लाकूड. एनफिल्डचं लाकूड चढताना श्वास रोखला होता. बोल्टचा चौकोन पट्टीत सरळ बसला, चीर हलली नाही. नोज-कॅपपाशी, पुढच्या लाकडाच्या टोकात एक छोटी स्प्रिंग आणि खुंटी असते, ती मी वहीत लिहायला विसरलो होतो. पूर्ण जोडल्यावर टेबलावर खुंटी उरलेली दिसली, पुन्हा सगळं उतरवलं. अर्धा दिवस.

आणि आज एक चांगली गोष्ट. परवा स्वातंत्र्यदिनाच्या कार्यक्रमात मी बटाच्या नंबराचं सगळ्यांना सांगितलं होतं, कुणाकडे जुना फोटो असेल तर बघा म्हणून. आज आबांच्या नातीने मोबाइल आणून दिला. २०१९ च्या पंधरा ऑगस्टला ती रायफलीशेजारी उभी आहे, आठेक वर्षांची, आणि तिच्या कोपराखाली बट. फोटो मोठा केला. तिसरा आकडा ७. चौथ्यावर तिची ओढणी.

तीन आकडे आणि एक रिकामी चौकट, तारखेसकट वहीत नोंदवलं.

२२ सप्टेंबर

पट्टे. दोन्हींना सुती वेबचा पट्टा हवा होता. कोल्हापुरात एक 'मूळ' पट्टा ९०० रुपयांना घेतला. घरी चुंबक लावलं तर टोकांची पितळी कड चिकटली: आत लोखंड, वर मुलामा. पट्टाही चहाच्या पाण्यात रंगवलेला, ओल्या बोटाने रंग सुटला. दुसरा मामांच्या ओळखीतून १,४०० ला मिळाला, कडा अस्सल पितळेच्या, विणीत जुना घाम. तो एनफिल्डला लावला. ईशापूरवाली अजून पट्ट्याविना आहे, नकली लावण्यापेक्षा तसंच बरं. संगीन घ्यायचा विचार सध्या सोडलाय. १९०७ पॅटर्नचं मूळ पातं १७ इंचांचं, पण बाजारात दिसलेली तिन्ही पाती कापून आखूड केलेली होती.

आतापर्यंतचा खर्च पेट्रोल धरून ६,०९०. वेळेचा हिशेब ठेवला नाही. वहीत १०३ संध्याकाळी भरल्यात, त्यातल्या निम्म्या माझ्याच चुका निस्तरण्यात.

६ ऑक्टोबर

परत त्याच भिंतीवर टांगणार नव्हतो. भिंत पश्चिमेची, पावसाची झड तिच्यावर येते, आणि वाळवी तिथूनच चढली होती. खिळेही उघड्या लोखंडाचे होते, एनफिल्डच्या बटावर गंजाचा वण त्यांचाच. सागवानाचा उभा स्टँड केला, २,१०० रुपयांचं लाकूड. एकूण आकडा ८,१९० वर गेला. स्टँड भिंतीपासून अर्धा फूट पुढे, पाय पितळी वाट्यांत, रायफल टेकते तिथे धुतलेला सुती पट्टा. चामडं लावलं नाही, चामड्यातल्या रसायनाने पितळेवर हिरवं चढतं. बोल्टला आणि स्टँडला मिळून साखळी-कुलूप, किल्ली आबांकडे, एक नक्कल पावत्यांच्या फाइलीसोबत कपाटात.

१२ ऑक्टोबर, दसरा

भवनात शस्त्रपूजा. बायका हळद-कुंकू घेऊन आल्या, नारळ फोडायची तयारी झाली. कुंकवाचा डाग तेलपाणी केलेल्या लाकडात उतरला तर निघत नाही, आणि नारळाचं पाणी लोखंडावर सुकलं की दुसऱ्या दिवशी गंज. सांगायचं कसं, हा प्रश्न होता. आबांच्या घरच्या काकूंना बाजूला घेऊन सांगितलं. त्यांनी स्टँडच्या पायाशी विड्याची पानं मांडली, हळद-कुंकू पानांवर वाहिलं, आपट्याची पानं तिथेच ठेवली, झेंडूचा हार स्टँडच्या वरच्या आडव्या पट्टीला बांधला. नारळ बाहेर पायरीवर फोडला.

गर्दी पांगल्यावर मी दोन्ही रायफली कोरड्या फडक्याने पुसल्या. हातांचे ठसे राहिले तर आठवड्यात लोखंडावर उमटतात. एनफिल्डची चीर तशीच मिटलेली आहे. पुढचा तेलाचा हात दिवाळीनंतर, हवा कोरडी झाली की.